हिरवळ लावायची, पण कोणत्या गवताची?

विद्यार्थी मित्रांनो, बागेत गेल्यावर ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी तुम्ही वाचली असेलच. पाटीच्या पलीकडे हिरवेगार गवत आणि अलीकडे तुम्ही! गिरगाव, परळ, लालबाग यांसारख्या भागांत राहणाऱ्या मुलांना खेळायला मोकळी जागा मुळातच थोडी. त्या थोड्या जागेतही गवताने मुलांना बाहेर काढावे, हा न्याय कोणता? पण याच्या उलट चित्रही तुम्ही पाहिले असेल. मुले मनसोक्त खेळतात, पण मैदानात गवताची काडीही उरलेली नसते. पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल आणि जानेवारीत नाकातोंडात धूळ.

ही दोन्ही चित्रे टाळता येतील का? माझ्या मते पुष्कळ अंशी येतील. त्यासाठी कोणते गवत सुंदर दिसते, हे विचारायचे सोडून इथल्या उन्हात, इथल्या पावसात आणि इथल्या पायांखाली कोणते गवत जगेल, हे आपण विचारले पाहिजे. या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाजवळ आहे. ते समजून घेऊ.

दोन स्वभावांची गवते

वरवर पाहता सगळी गवते सारखीच दिसतात. पण वनस्पतिशास्त्रज्ञ हिरवळीच्या गवतांचे दोन मोठे गट करतात. एक थंड हवेत रमणारा आणि दुसरा उष्ण हवेत रमणारा. युरोपातील बागांतून दिसणारी राय गवते किंवा अमेरिकेत नाव कमावलेले केंटकी ब्लूग्रास ही पहिल्या गटातली. त्यांची वाढ साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला उत्तम होते. दुसऱ्या गटातल्या गवतांना २७ ते ३५ अंश मानवतात.

हा फरक कशामुळे पडतो? हिरव्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे एक प्रथिन करते. त्याच्यात एक खोड आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते कधी कधी ऑक्सिजनच पकडते. मग झालेली चूक निस्तरण्यात वनस्पतीची मिळवलेली शक्ती वाया जाते. हवा जितकी तापेल, तितक्या या चुका वाढतात. गिरणीच्या दरवाजावरचा पहारेकरी ऐन गर्दीच्या वेळी गोंधळून कामगारांबरोबर भलत्यांनाच आत सोडू लागला, तर काय होईल? तसेच हे आहे.

उष्ण हवेतल्या गवतांनी यावर एक नामी उपाय काढला आहे. त्यांच्या पानात दोन दरवाजे असतात. बाहेरच्या दरवाजावरचे प्रथिन ऑक्सिजनला मुळीच फसत नाही. ते फक्त कार्बन डायऑक्साइड घेते आणि आतल्या पेशींच्या खोलीत नेऊन सोडते. तिथे त्याची इतकी दाटी होते, की आत बसलेल्या रुबिस्कोला चूक करायला वावच राहत नाही. या पद्धतीत प्रथम चार कार्बन अणूंचा रेणू तयार होतो, म्हणून अशा वनस्पतींना ‘सी-४’ वनस्पती म्हणतात. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात या मार्गाचा उलगडा केला. त्यांनी प्रयोगासाठी कोणती वनस्पती घेतली होती, सांगा पाहू? ऊस! तोही गवताच्याच कुळातला. आपली ज्वारी, बाजरी आणि मका हीदेखील याच पंक्तीला बसतात.

या दुहेरी दरवाजाचा आणखी एक फायदा असा, की पानांवरची छिद्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत. त्यामुळे तितकीच वाढ होण्यासाठी सी-४ वनस्पतीला साधारण निम्मेच पाणी पुरते. मात्र याला एक किंमत पडते. दुसरा दरवाजा चालवायला जादा शक्ती लागते आणि ती येते उन्हातून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

मुंबईची हवा काय सांगते?

आता आपल्या शहराची हवा पाहू. कुलाब्याला जानेवारीत रात्रीचे सरासरी तापमान २० अंशांच्या आसपास असते, तर मे महिन्यात दुपारचे सरासरी तापमान ३३ अंशांच्या आसपास. म्हणजे थंड हवेच्या गवताला सुखावेल असा महिना मुंबईच्या वर्षात जवळजवळ नाहीच. अशा गवताचे बी कुणी कितीही सुंदर चित्राच्या पाकिटातून दिले, तरी परळच्या मे महिन्यात ते टिकायचे नाही.

पावसाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. लंडनला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बारा महिन्यांत थोडा थोडा वाटलेला असतो. कुलाब्याला सुमारे २,२०० मिलिमीटर पडतो. साडेतीनपटीहून अधिक! पण त्यातला ९० टक्क्यांहून जास्त पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणून आपल्या गवताला दोन परस्परविरुद्ध परीक्षा द्याव्या लागतात. चार महिने पाण्यात उभे राहायचे आणि आठ महिने तहान सोसायची.

शिवाय ‘मुंबईची हवा’ असे आपण म्हणतो, तीदेखील सगळीकडे एकच नसते. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरात, एकाच दिवशी! मातीचेही तसेच. सात बेटांमधल्या खाड्या आणि दलदली भरून हे शहर उभे राहिले. त्यामुळे एका मैदानाखाली मुरूम, दुसऱ्याखाली दगडविटांचा भराव, तर समुद्राजवळच्या तिसऱ्याखाली वाळू आणि खारट पाणी, असे प्रकार आढळतात. तेव्हा ‘मुंबईसाठी अमुकच गवत’ असे ठोकून देणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवू नका. त्याला आधी विचारा, ‘मुंबईत कुठे?’

देवघरातले गवत आणि क्रीडांगणातले गवत

तरीही सर्वांत आधी एका गवताचा विचार करावाच लागतो. गणेशोत्सवात दादर स्थानकाबाहेरच्या फूलबाजारातून तुम्ही एकवीस दूर्वांची जुडी आणता. लालबागच्या मंडपात काय किंवा १८९३ पासून गणेशोत्सव करणाऱ्या गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत काय, दूर्वांशिवाय पूजा होत नाही. ही दूर्वा म्हणजेच शेतकऱ्याची हरळी. शास्त्रीय भाषेत सायनोडॉन डॅक्टिलॉन. ग्रीक भाषेतून आलेल्या या नावात कुत्र्याचा दात आणि हाताची बोटे दडलेली आहेत. हरळीचा तुरा पाहा, बोटे पसरलेल्या पंजासारखाच दिसतो.

इंग्रजी बोलणाऱ्या जगात हिला ‘बर्म्युडा गवत’ म्हणतात. गंमत अशी, की बर्म्युडा बेट हे तिचे मूळ स्थान नाहीच. ती जुन्या जगातली, म्हणजे आपल्याच बाजूची. उष्ण देशांतली असंख्य क्रीडांगणे आज हिच्यावर किंवा हिच्या संकरित जातींवर उभी आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ग्लेन बर्टन यांनी हरळी आणि तिची एक आफ्रिकी बहीण यांच्या संकरातून आलेली ‘टिफवे’ ही प्रसिद्ध जात १९६० साली प्रसारात आणली. ती बी धरत नाही. तिच्या कांड्या लावूनच ती वाढवावी लागते. म्हणजे आपल्या गल्लीतले गवत परदेशी जाऊन नवे नाव घेऊन परत आले, तर आपण त्याला भाव देतो आणि कुंपणाशी आपोआप उगवलेली हरळी मात्र तण म्हणून उपटून टाकतो! संकरित जातींचे पान बारीक असते, गालिचा दाट होतो, हे खरे. पण त्यांना खत, पाणी आणि कापणीही अधिक लागते. शाळेच्या किंवा चाळीच्या मैदानाला हा खर्च झेपेल का, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या मागे लागणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

हरळीचा मोठा गुण तिच्या खोडांत आहे. तिची काही खोडे जमिनीवरून धावतात, काही जमिनीखालून. प्रत्येक पेऱ्याला डोळा असतो आणि त्यातून नवे रोप फुटते. म्हणूनच शेतकरी तिला वैतागतो. एक तुकडा राहिला, तरी पुन्हा शेतभर हरळी! पण शेतातला हाच अवगुण मैदानात गुण ठरतो. मुलांच्या पायांनी झालेली जखम हरळी फार लवकर भरून काढते. पाणी मिळाले नाही, तर वरून वाळते, पण जमिनीखालची खोडे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर हिरवी होतात.

दुसरी गवते वाईट आहेत, असे मात्र नाही. रोपवाटिकेत कोरियन गवत मिळते. ते मखमलीसारखे दाट असते, पण फार सावकाश वाढते. म्हणून त्याची जखम लवकर भरत नाही. पाहण्याच्या बागेला ते ठीक, खेळण्याच्या जागेला नाही. रुंद पानांचे कार्पेट गवत ओलसर सावलीत बऱ्यापैकी तग धरते, पण उन्हाळ्यात पाण्यावाचून कोमेजते. समुद्रकाठच्या खारट मातीत वाढणारे पॅस्पॅलम नावाचे गवत खारे पाणी इतरांपेक्षा पुष्कळ अधिक सोसते. विहिरीचे पाणी मचूळ असेल तिथे त्याचा विचार अवश्य करावा.

सावली वाढली, गवत हरले

इतकी गुणी हरळी, मग ती सगळीकडे का लावू नये? कारण ती सावलीपुढे हात टेकते. रोज निदान सहा ते आठ तास थेट ऊन मिळाले तरच ती दाट होते. सावलीत तिची खोडे लांबट होतात, पाने विरळ होतात आणि मधली माती उघडी पडते. सी-४ वनस्पतीच्या दुहेरी दरवाजाची किंमत उन्हाने चुकवावी लागते, हे वर पाहिलेच. त्यातही हरळी विशेष सूर्यप्रेमी.

गिरणगावात ही गोष्ट आता फार महत्त्वाची झाली आहे. एके काळी परळ-लालबागला गिरण्यांच्या बैठ्या छपरांतून फक्त चिमण्याच उंच दिसत. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्या जमिनींवर उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. त्यांची सावली किती लांब पडते, याचा हिशेब तुम्हीच करू शकाल. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते. पण २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवरच असतो. त्या वेळी १०० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला ९० मीटरपेक्षा लांब पडते. सकाळ-संध्याकाळी तर कितीतरी अधिक! म्हणजे मे महिन्यात भरपूर ऊन असलेले मैदान डिसेंबरात सावलीत बुडालेले असू शकते. तिथले गवत मेले, तर माळ्याला किंवा मुलांना दोष देण्यात काय अर्थ? वीस वर्षांपूर्वी योग्य असलेले गवत आज अयोग्य ठरले, इतकेच. गवत तेच आहे, पण त्याच्या डोक्यावरचे आकाश बदलले आहे.

झाडांच्या सावलीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पर्जन्यवृक्षाच्या किंवा वडाच्या दाट सावलीत हिरवळीचा हट्ट धरू नये आणि गवताला ऊन मिळावे म्हणून फांद्या तर मुळीच छाटू नयेत. गळालेल्या पानांचा थर तिथे खुशाल राहू द्यावा. तोही धूळ अडवतो, ओल धरतो आणि कुजून मातीला कस देतो. प्रत्येक जागा हिरवीच दिसली पाहिजे, हा नियम निसर्गाने केलेला नाही.

शिवाजी पार्कचा धडा

दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली खुले झाले. आधी त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाने कितीतरी नामवंत क्रिकेटपटू दिले. पण अलीकडच्या वर्षांत तिथल्या लाल मातीच्या धुळीने आजूबाजूचे रहिवासी त्रस्त झाले आहेत. पाणी मारणे, पावसाचे पाणी साठवणे, गवत लावणे असे उपाय महापालिकेने केले, तरी प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

‘चांगले गवत लावा, झाले!’ असे म्हणणे सोपे आहे. पण जिथे रोज एकाच वेळी क्रिकेटचे अनेक डाव चालतात, लोक फेऱ्या मारतात आणि सभा-मेळावे भरतात, तिथे विश्रांतीवाचून कोणतेच गवत टिकणार नाही. हरळीचा डोळा फुटून नवे रोप धरायला काही आठवडे लागतात. ते तिला मिळालेच नाहीत, तर ती तरी काय करणार? ‘मग पावसाळ्यात चार महिने मैदान बंद ठेवा’ असे कुणी सुचवतील. पण मुंबईचा पावसाळाही खेळाचाच! १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग पावसाळी क्रिकेटसाठीच नावाजली आणि पावसातल्या फुटबॉलची मजा तर तुम्हाला सांगायला नकोच. म्हणून मला वाटते, मैदानाचे चार भाग करावेत. एका वेळी एकच भाग दोरी बांधून सहा-आठ आठवडे विश्रांतीला ठेवावा. उरलेल्या तिन्हींत खेळ चालू राहावा. शेतकरी जमीन पाळीपाळीने पडीक ठेवतो, तसेच हे. दोरीवर पाटी लावायचीच झाली, तर ‘चालू नये’ असे न लिहिता ‘अमुक तारखेपासून इथे खेळा’ असे लिहावे. पाटीवर तारीख असली, की मुलेही पाळतात.

पाण्याचा हिशेब

आता पाण्याकडे वळू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीतून दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी वाफेच्या रूपाने जाते असे धरले, तर १,००० चौरस मीटरच्या बागेला रोज ५,००० लिटर पाणी हवे. शिवाजी पार्कएवढे सगळे मैदान बारमाही हिरवे ठेवायचे म्हटले, तर रोज साडेपाच लाख लिटर! शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरतात. म्हणजे चार हजारांहून अधिक माणसांचे पाणी झाले. मे महिन्यात चाळीत पाण्यासाठी बादल्यांची रांग लागलेली असताना पिण्याचे पाणी गवतावर शिंपडणे मला मान्य नाही. साठवलेले पावसाचे किंवा प्रक्रिया केलेले सांडपाणी मिळत असेल, तर गोष्ट वेगळी.

आणि मुळात मैदान मे महिन्यात पिवळे दिसले, तर बिघडले कुठे? पिवळे पडलेले म्हणजे मेलेले नव्हे. वाळक्या हरळीच्या खोडांची जाळी माती धरूनच ठेवते. बारमाही हिरवळीची आवड आपण थंड, रिमझिम पावसाच्या देशांकडून उसनी घेतली आहे. कोकणातल्या डोंगरांना उन्हाळ्यात पिवळे पडण्याची लाज वाटत नाही, मग आपल्या मैदानांना का वाटावी?

‘एवढी कटकट करण्यापेक्षा प्लॅस्टिकचे गवत अंथरा’ असाही सल्ला हल्ली मिळतो. त्याला कापणी नको, ऊन नको आणि चिखलही होत नाही, हे खरे. पण जिवंत गवत वाफ सोडून स्वतःला थंड ठेवते. प्लॅस्टिकला ते साधत नाही. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे तापू शकतो. मग ते थंड करायला पुन्हा पाणीच मारावे लागते! काही वर्षांनी झिजले, की त्याचा कचरा होतो तो वेगळाच. छताखालच्या जागेत ते चालेल. उघड्या मैदानाला मात्र तो पर्याय नव्हे.

आता तुमचे काम

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेच्या किंवा वाडीच्या मैदानात गवत लावायचे ठरले, तर खरेदीला निघण्यापूर्वी चार गोष्टी मोजा. पहिली, ऊन. सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला सावली कुठे पडते, ते मैदानाच्या नकाशावर टिपा. एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात. दुसरी, पाणी. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकून बसवा, त्यात एक लिटर पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागतो, ते घड्याळावर पाहा. तासन्‌तास जिरलेच नाही, तर गवताआधी पाण्याचा निचरा सुधारायला हवा. तिसरी, आधीपासून असलेले गवत. एक मीटर बाजूचा दोरीचा चौकोन टाकून त्यात काय काय उगवले आहे, ते मोजा. देठ बोटांत फिरवून पाहा. तिधारी लागला, तर ते गवत नव्हे, लव्हाळा! हरळी सापडली, तर अर्धे काम झालेच. पावसाच्या सुरुवातीला तिच्याच कांड्या उघड्या जागी लावा. चौथी गोष्ट, पाय. दहा मिनिटांत किती जण कोणत्या वाटेने जातात, ते मोजा. जिथे वाट पडलीच आहे, तिथे गवताशी भांडू नका. तिथे सरळ फरशी घाला.

हे चार आकडे वहीत असले, की मुख्याध्यापकांपुढे किंवा सोसायटीच्या सभेत तुमचे म्हणणे ठामपणे मांडता येईल. ‘आम्हाला वाटते’ यापेक्षा ‘आम्ही मोजले’ या शब्दांना वजन असते. जे गवत मुलांना मैदानाबाहेर ठेवून जगते, ते आपल्या शहराला योग्य नाही. दमट हवा, धो धो पाऊस आणि तुमची धावपळ सोसून पुन्हा डोके वर काढील, तेच आपले गवत. ते कदाचित तुमच्या कुंपणाशी आधीच उगवलेले असेल. उद्या शाळेत जाताना जरा वाकून पाहा.